हास्यचित्रमालिका आणि वाचनाचे शिक्षण



केंद्रावरील एका शिक्षण परिषदेत एका शिक्षिकेने मला पुढील प्रश्न विचारला. "साहेब, चौथीतली माझी मुले पाठ्यपुस्तक उघडावयास कंटाळतात. घरच्या मोबाइलवर आलेली विनोदी चित्रे मात्र चौघे डोके एकत्र करून पाहतात आणि त्यांतली अक्षरेही लावतात. याला वाचन म्हणावयाचे की नाही?" प्रश्न साधा होता, परंतु त्यावरून जमलेल्या मंडळींत दोन तट पडले. हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे, असे काहींनी सांगितले; अक्षर डोळ्यांखालून जाते आहे ना, मग पुरे, असे इतरांचे म्हणणे पडले. मते उत्साहाने मांडली गेली. तथापि ज्या वस्तूविषयी वाद चालला होता ती वस्तू कशी घडते, आणि कागदावरून पडद्यावर गेल्याने तिच्यात काय पालट झाला, याचा विचार राहून गेला. तो विचार या लेखात क्रमाने करावयाचा आहे.

चित्रमालिका म्हणजे काय?

एकाच चौकटीत काढलेले, प्रसंगातील विसंगती दाखविणारे चित्र म्हणजे हास्यचित्र किंवा व्यंगचित्र. अशा तीन-चार चौकटी एका ओळीत मांडून त्यांतून एक छोटा प्रसंग सांगितला, आणि तीच पात्रे रोज नव्या प्रसंगात वाचकाच्या भेटीस येऊ लागली, की ती चित्रमालिका होते. पात्रांच्या तोंडची वाक्ये फुग्यात लिहितात. फुग्याचे शेपूट ज्याच्याकडे वळलेले असेल, तो बोलणारा. शेपटाऐवजी लहान लहान वर्तुळे काढली असतील, तर ते बोलणे नसून मनातील विचार होय. हे संकेत आपणांस इतके अंगवळणी पडलेले असतात की ते मुलांना शिकवावे लागतात, याचे आपणांस भानच राहत नाही.

आता एक नमुना पाहू. हा मी वर्गासाठी फळ्यावर काढीत असे. चित्रकला यथातथाच असली तरी चालते.

पहिली चौकट : गुरुजी मुलांना सांगतात, "उद्या प्रत्येकाने एक झाड लावून मला दाखवायचे." दुसरी चौकट : बंडू अंगणात खड्डा खणून रोप लावतो आहे. तिसरी चौकट : कुंपणाजवळ एक शेळी उभी राहून त्या रोपाकडे टक लावून पाहते आहे. चौथी चौकट : बंडू शेळीला दोरीने ओढीत शाळेत आला आहे आणि म्हणतो आहे, "गुरुजी, माझे झाड हिच्यात आहे!"

मुले हसतात. मग मी विचारी, "शेळीने रोप खाल्ले ते चित्र कोठे आहे?" मुले शोधू लागत. ते चित्र कोठेच नसते. तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या मध्ये जी बोटभर कोरी जागा आहे, तेथे ते घडलेले असते, आणि ते प्रत्येक मुलाने आपल्या मनात स्वतः काढलेले असते. चित्रमालिकेचे मर्म या कोऱ्या जागेत आहे. सांगितलेल्या दोन गोष्टींवरून न सांगितलेली तिसरी ओळखणे, यालाच आपण आकलन म्हणतो. धड्याखालील 'का?' आणि 'कसे?' या प्रश्नांची उत्तरे ज्यांना देता येत नाहीत, त्या मुलांनाही हा विनोद कळतो. म्हणजे आकलनाची शक्ती त्यांच्या ठायी असते. धड्यातील लांब वाक्यांपाशी ती अडते, एवढेच.

मुंबईतील पूर्वपीठिका

माझे बालपण परळच्या एका चाळीत गेले. वडील गिरणीत होते. आमच्या मजल्यावर एकच वर्तमानपत्र येई आणि ते घरोघरी फिरे. प्रथम वडीलधारी मंडळी, नंतर रात्रपाळीहून आलेले काका, आणि दुपारी ते आम्हां मुलांच्या हाती लागे. तोवर त्याच्या घड्या मऊ झालेल्या असत. आम्ही अग्रलेखाकडे फिरकत नसू. चित्र कोठे आहे ते प्रथम पाहत असू.

याच शहरातून भारतीय चित्रकथेचा मोठा प्रवाह वाहिला, हे शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. बोरीबंदरसमोरील 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या प्रकाशनसंस्थेने १९६४ साली 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले आणि पुढे ते मराठीतही निघू लागले. त्यातला वेताळ हा परदेशी कथानायक आमच्या पिढीला घरच्या माणसासारखा वाटे. त्या कामाशी संबंध असलेले अनंत पै यांनी १९६७ साली 'अमर चित्र कथा' आणि १९८० साली 'टिंकल' हे मुलांचे नियतकालिक सुरू केले. टिंकलमधील हास्यपात्रे मराठी चित्रकारांच्या हातून घडली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. सांगितलेल्या कामाचा भलताच अर्थ लावणारा सुपंडी १९८३ साली अवतरला. त्याच्या कथा तमिळ लोककथांवरून आल्या, पण त्याला रूप दिले ते राम वाईरकर यांनी. डोळ्यांवर टोपी ओढलेला भित्रा शिकारी शंभू वसंत हळबे यांनी रेखाटला. पुढे टिंकल छापील अंकाबरोबर पडद्यावरही वाचावयास मिळू लागले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. माझे वडीलही त्यांत होते. लालबागला रस्त्याच्या कडेस एक गृहस्थ चित्रकथांची पुस्तके भाड्याने देत. संपानंतर आम्हांस ते भाडे परवडेना. तेव्हा चार मुलांनी मिळून एक पुस्तक आणावयाचे असे ठरले. चाळीच्या जिन्यात बसून आम्ही ते वाचीत असू. एकाने वेताळाचे फुगे वाचावयाचे, दुसऱ्याने चाच्यांचे, तिसऱ्याने चौकटीवरचे निवेदन; आणि चौथा, ज्याला वाचता येत नव्हते, त्याने ढिशूम, धडाम हे आवाज काढावयाचे. चारसहा महिन्यांत तो चौथा मुलगाही आपला फुगा मागू लागला. त्याला कोणी शिकविले, हे मला आजही सांगता येत नाही. परंतु आज आपण ज्याला नाट्यवाचन म्हणतो, त्याचा पहिला पाठ मी त्या जिन्यात घेतला.

मराठीतील 'चिंटू'

वेताळ परदेशातून आला, सुपंडी दक्षिणेतून आला. मराठी घरातील मुलगा मराठी चित्रमालिकेचा नायक व्हावा, ही उणीव १९९१ साली भरून निघाली. त्या वर्षी पुण्याच्या 'सकाळ' दैनिकात 'चिंटू' ही रोजची चित्रमालिका सुरू झाली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर हे तिचे निर्माते. चिंटू, त्याचे आई-पप्पा, पप्पू, मिनी, राजू, बगळ्या हे सवंगडी आणि शेजारच्या जोशीकाकू अशा मंडळींवर ही मालिका वर्षानुवर्षे चालली. त्यात राक्षस नाही, युद्ध नाही. अभ्यास टाळणे, खाऊवर डोळा ठेवणे, खेळताना शेजाऱ्यांची बोलणी खाणे, असे घराघरांत घडणारे प्रसंगच तीनचार चौकटींत मांडलेले असतात.

या मालिकेचे संग्रह पुस्तकरूपाने निघाले, तिचे स्वतःचे संकेतस्थळ झाले, आणि श्रीरंग गोडबोले यांच्या दिग्दर्शनाखाली २०१२ व २०१३ साली तिच्यावर दोन चित्रपटही निघाले. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील एक ओळ पडद्यावर कशी गेली, याचे मराठीतील हे ठळक उदाहरण होय.

वाचन शिकविणाऱ्याच्या दृष्टीने अशा मालिकेचे तीन गुण सांगता येतील. एक, वाक्ये आखूड असतात आणि ती घरात बोलली जाणारी असतात. दोन, बोलणाऱ्याची मुद्रा शेजारीच असल्यामुळे न लागलेल्या शब्दाचा अर्थ चित्रावरून काढता येतो. तीन, तीच पात्रे पुनःपुन्हा भेटत असल्याने मुलाला कोण कसा बोलेल याचा अंदाज असतो; आणि अंदाज बांधीत वाचणे हेच अस्खलित वाचनाचे रहस्य आहे. उलटपक्षी, तिची मर्यादाही आहे. फुग्यातील तुटक वाक्यांनी वर्णन, विवेचन, दीर्घ वाक्याचा तोल ही अंगे शिकता येत नाहीत. म्हणून ती धड्याची जागा घेऊ शकत नाही. धड्याकडे नेणारी पायरी म्हणून मात्र ती उत्तम आहे.

कागदावरून पडद्यावर

माध्यम बदलले की वाचण्याची रीतही बदलते. वर्तमानपत्रात चारही चौकटी एका दृष्टीत येतात. मूल पुढे डोकावते, मागे येते, पुन्हा पाहते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर पुष्कळदा एकेक चौकट वर सरकवीत पाहावी लागते. यात एक लाभ आहे : शेवट आधी दिसत नाही, त्यामुळे 'पुढे काय होईल?' हा प्रश्न शिक्षकाला प्रत्येक चौकटीपाशी विचारता येतो. तोटाही आहे : चारही चौकटी शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, आणि बारीक अक्षरे कच्च्या वाचकास दमवितात.

दुसरा बदल काळाचा. वर्तमानपत्रातील मालिका रोज एकच मिळे. उद्याची वाट पाहावी लागे. पडद्यावर जुन्या शेकडो मालिका एका बैठकीत पाहता येतात. अंगठ्याने भराभर सरकविणे म्हणजे वाचणे नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

तिसरा बदल संगतीचा. आमच्या चाळीत वर्तमानपत्र एक आणि वाचणारे दहा असत. मोबाइल बहुधा एकाच्या हातात असतो. त्या शिक्षिकेच्या गावातील चार मुले डोके एकत्र करून वाचीत होती, हे वास्तविक भाग्याचे लक्षण होय. ते मोडू नये.

या स्थित्यंतरात सर्वच तरतात असेही नाही. ब्रिटनमध्ये 'द डँडी' हे मुलांचे विनोदी चित्रसाप्ताहिक ४ डिसेंबर १९३७ रोजी निघाले. १९५० नंतरच्या दशकात त्याचा खप आठवड्यास वीस लाखांच्या घरात गेला होता. पुढे तो ओसरत जाऊन सुमारे आठ हजारांवर आला. ४ डिसेंबर २०१२ रोजी, बरोबर पंचाहत्तर वर्षांनी, त्याचा शेवटचा छापील अंक निघाला आणि ते केवळ अंकीय रूपात प्रसिद्ध होऊ लागले. पण तो प्रयत्न पुढील वर्षीच थांबला. त्याचेच १९३८ साली जन्मलेले भावंड 'द बीनो' मात्र कागदावर टिकून राहिले. यावरून एवढाच बोध घ्यावयाचा की वाचणाऱ्या मुलांची संगत तुटली, तर निव्वळ पडदा तिला जोडू शकत नाही. तशी संगत जमविणारी जागा म्हणून आपल्या खेड्यांत आज शाळेचाच विचार करावा लागेल.

एक चूक

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका द्विशिक्षकी शाळेत नवा नवा रुजू झालो होतो. चौथीत एक मुलगा होता. त्याचे वडील लालबागला एका वखारीत हमाली करीत आणि गाळ्यावर राहत. मुंबईहून येणाऱ्या माणसाबरोबर ते घरी गाठोडे पाठवीत; त्यातील वस्तू वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या असत. हा मुलगा ती पाने सरळ करून त्यांतील चित्रमालिका कापी, आणि जुन्या वहीत खळीने चिकटवी. वर्गात त्याला धडा वाचता येत नसे. एके दिवशी तो धडा चालू असता मांडीवर ती वही घेऊन बसलेला मला दिसला. मी ती घेतली, सर्वांसमक्ष फाडली, आणि "हे चाळे घरी" असे म्हणून बाहेर टाकली. तो काही बोलला नाही.

पुढे त्याच्या आईची गाठ पडली. तिने तक्रार केली नाही. सहज सांगितले, की तो रोज रात्री आजीला ती वही वाचून दाखवी आणि दोघे हसत, आता ते बंद झाले. ज्याला वाचता येत नाही असे मी दोन वर्षे हजेरीपत्रकाच्या टिपणात लिहीत होतो, तो मुलगा रोज रात्री वाचीत होता. धडा वाचावयास उभा राहिला की त्याला भीती वाटे. मी त्याला एकदाही "या वहीतले वाचून दाखव" असे म्हटले नव्हते.

चौथीनंतर तो मुंबईस गेला तो परत शाळेत आला नाही. त्याने शाळा सोडली ती त्या वहीमुळेच, असे मी म्हणणार नाही. घरची गरज मोठी होती. परंतु शाळेत राहण्यास त्याच्यापाशी जे एक कारण होते, ते मी माझ्या हाताने फाडले, हे मला नाकारता येत नाही.

वर्गात उपयोग कसा करावा

पुढील उपक्रम खर्चाचे नाहीत. आठवड्यातून एक तासिका पुरे.

(१) चौकटींचा क्रम लावणे. वर्तमानपत्रातील एक मालिका कापून तिच्या चौकटी सुट्या कराव्यात आणि गटास क्रम लावण्यास द्याव्यात. 'हीच चौकट आधी का?' याचे उत्तर तोंडी घ्यावे.

(२) रिकामा फुगा. फळ्यावर चित्र काढून फुगा कोरा ठेवावा. पहिली-दुसरीच्या मुलांनी तोंडी, पुढच्यांनी लिहून भरावा. आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रातील सामान्य माणूस कधी बोलत नसे. 'तो मनात काय म्हणत असेल?' हा प्रश्न सातवीपर्यंत चालतो.

(३) शब्दावाचून हास्य. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले शि. द. फडणीस यांनी शब्दांशिवाय हास्यचित्रे काढली, आणि गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठीही चित्रे रेखाटली. असे एखादे चित्र दाखवून मुलांकडून पाच वाक्ये मिळवावीत. लिहिता न येणारे मूलही यात मागे राहत नाही.

(४) फुग्यांचे नाट्यवाचन. एकेका मुलास एकेक पात्र द्यावे. जे मूल वाचनात कच्चे आहे त्याला प्रथम आवाजांचे शब्द द्यावेत, मग एका शब्दाचा फुगा, मग वाक्याचा.

(५) संवादाचे निवेदन करणे. चौथीच्या पुढे मुलांनी मालिकेतील प्रसंग अवतरणचिन्हांसह परिच्छेदरूपाने लिहावा. फुग्यापासून गद्याकडे जाण्याचा हा पूल आहे. तो टाळू नये.

(६) शाळेची चित्रमालिका. गावातील प्रसंगावर मुलांनी चार चौकटी काढाव्यात व त्या भित्तिपत्रकावर लावाव्यात. पात्रे आपल्या वाडीवस्तीवरची असावीत, बोलीही तीच असावी. प्रमाण भाषेचे रूप शेजारी लिहून दोन्हींची तुलना करता येते.

मोबाइलवरील मालिका दाखवावयाची असल्यास ती शिक्षकाने आधी पाहावी, पडदा चार-पाच मुलांच्या गटापुढे धरावा, आणि पाहून झाल्यावर पडदा बंद करून बोलणे सुरू करावे. पाहण्यास दोन मिनिटे आणि बोलण्यास वीस, हे प्रमाण ठेवावे.

काही सूचना

विनोद कोणावर आहे याकडे लक्ष असू द्यावे. रंग, शरीराची ठेवण, तोतरेपणा, जात, गरिबी यांवर हसविणारे चित्र वर्गात आणू नये. हसणाऱ्यांच्या रांगेत ज्याच्यावर हसले जाते तोही बसलेला असतो.

चित्रकारांचे नाव कापून फिरणारी चित्रे पुष्कळ आढळतात. मुलांना चित्राखालील सही शोधावयास लावावी. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने शिकविण्याच्या ओघात शिक्षकास व विद्यार्थ्यास अशा कृतीचा उपयोग करण्याची मुभा दिली आहे. याचा अर्थ ती छापून पुस्तिका विकावी असा नव्हे. ज्याचे काम त्याचे नाव, हा संस्कारही वाचनाचाच भाग होय.

२०२१ साली निपुण भारत अभियानात, तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास समजून वाचता आले पाहिजे, असे उद्दिष्ट ठरविण्यात आले. 'समजून' हा त्यातला महत्त्वाचा शब्द आहे. जे मूल विनोदाला योग्य जागी हसते, ते समजून वाचते आहे. याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही.

आता त्या शिक्षिकेच्या प्रश्नाचे उत्तर. ती मुले वाचीत आहेत काय, हे दुरून सांगता येणार नाही. ते त्यांच्याजवळ बसूनच कळेल. म्हणून माझी एवढीच विनंती आहे. मुलाच्या हातात चित्रांची वही, कात्रण किंवा मोबाइल दिसला, तर तो काढून घेण्यापूर्वी शेजारी बसावे आणि "मलाही वाचून दाखव" असे म्हणावे. त्याने वाचले, तर आपले अर्धे काम झाले आहे असे समजावे. त्याला वाचता आले नाही, तर उद्याचा पाठ कोठून सुरू करावयाचा, हे आपणांस कळलेले असेल.